चंद्रावरची पावलं आणि ती पडलीच नाहीत म्हणणारे

मृगशीर्ष

२३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ चं विक्रम चंद्रावर उतरलं. त्याच रात्री माझ्या फोनवर एक निरोप फिरत आला: "सगळं कार्टून होतं, नीट बघा." पाठवणारा माणूस चांगला शिकलेला आहे. मला राग आला नाही, पण वाईट नक्की वाटलं. म्हणून हा विषय काढते आहे.

पडद्यावर दिसत होतं ते चित्र खरोखरच संगणकाने काढलेलं होतं. ते कुणी लपवलंही नव्हतं. उतरत्या यानाकडून येत होते ते आकडे. तीस किलोमीटर उंचीवर यान सेकंदाला जवळपास १.६८ किलोमीटर वेगाने आडवं धावत होतं. तो वेग पार उतरवून, यान उभं करून, सेकंदाला दोन मीटरपेक्षा कमी वेगाने ते जमिनीला टेकवायचं होतं. हे सगळं वीसेक मिनिटांत, आणि तेही यानाने स्वतःच्या बुद्धीने करायचं. आलेल्या आकड्यांवरून पडद्यावरचं चित्र हलत होतं. यानाच्या कॅमेऱ्याने उतरताना टिपलेलं खरं चित्रण इस्रोने दुसऱ्या दिवशी दिलं. पण निरोप पाठवणाऱ्यांपैकी किती जणांनी ते पाहिलं असेल?

माझ्या मते शंका घेणारे दोन प्रकारचे असतात. "हे झालंच नाही" म्हणणारे आणि "झालं, पण त्याचा उपयोग काय" म्हणणारे. आपण दोघांनाही एकाच झटक्यात मूर्ख ठरवून मोकळे होतो, आणि ते चुकतं. पहिल्यांना पुरावा दाखवता येतो. दुसऱ्यांचा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर द्यावंच लागतं.

शिवाय हेही विचारायचं आहे की अंतराळातलं नेमकं काय माणसाला हलवून सोडतं. माझ्यासाठी उत्तर आहे चांद्रयान-२ ची, २०१९ ची ती सप्टेंबरमधली मध्यरात्र, जेव्हा पडद्यावरचा ठिपका ठरलेल्या रेषेपासून ढळला आणि सुमारे दोन किलोमीटर उंचीवर संपर्क तुटला. त्यानंतर त्याच लोकांनी चूक कुठे झाली ते शोधलं. आधीच्या टप्प्यात इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त भरला, त्रुटी साचत गेल्या, आणि यानाला झटकन वळायची गरज पडली तेव्हा सॉफ्टवेअरने वळण्याच्या वेगावर मर्यादा घातलेली होती. उतरायला जागा दिली होती पाचशे मीटर बाय पाचशे मीटरची. पुढच्या वेळी तीच जागा चार किलोमीटर बाय अडीच किलोमीटरच्या आसपास केली, पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, मधलं पाचवं इंजिन काढून टाकलं. मला यशापेक्षा ही यादी जास्त स्फूर्ती देते.

साधा_प्रश्न

ताई, मी "हे झालंच नाही" म्हणणाऱ्यांतला नाही. चांद्रयानाबद्दल मला अजिबात शंका नाही. पण अमेरिकेच्या अपोलो मोहिमांबद्दल एक गोष्ट मनातून जात नाही, आणि विचारली की लोक अंगावर येतात. १९६९ ते १९७२ या काळात सहा वेळा माणसं चंद्रावर उतरली म्हणतात. तेव्हाच्या संगणकाची ताकद आजच्या साध्या मोबाइलच्या जवळपासही नव्हती. मग त्यानंतर पन्नास वर्षं कुणीच का गेलं नाही? जे जमलं ते पुन्हा करणं सोपं हवं ना?

उत्तररात्र

प्रश्न रास्त आहे, अंगावर यायचं काही कारण नाही. जरा लांबण लावतो.

न जाण्याचं कारण पैसा आणि राजकारण. १९६६ च्या सुमारास अमेरिकेच्या केंद्रीय खर्चातला चार टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या नासाकडे जात होता. आज तो अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे. रशियाच्या आधी पोहोचायचं ही निकड होती, पोहोचल्यावर ती संपली. अपोलो १८, १९ आणि २० या मोहिमा १९७० मध्येच रद्द झाल्या. सॅटर्न ५ हे एकशे दहा मीटर उंचीचं रॉकेट १९७३ मध्ये शेवटचं उडालं आणि ते बनवणारे कारखाने, हत्यारं, हात सगळे दुसऱ्या कामाला लागले. अपोलोवर एकूण चार लाखांच्या आसपास माणसं कामाला होती. अशी फौज एकदा पांगली की नकाशे फाइलीत राहतात, पण वेल्डिंग कसं करायचं ते ज्याच्या हातात होतं तो माणूस निवृत्त झालेला असतो. नासाच्या नव्या चांद्रमोहिमेतलं आर्टेमिस १ नोव्हेंबर २०२२ मध्ये निघालं आणि माणसांशिवाय चंद्राला फेरी मारून डिसेंबरमध्ये परतलं, त्याआधी तयारीतच वर्षं गेली ती यामुळेच.

आता पुरावा. झेंडा फडफडतो, तारे दिसत नाहीत, सावल्या वाकड्या पडतात, यांची उत्तरं आता सगळीकडे मिळतात म्हणून झटपट सांगतो. झेंड्याच्या वरच्या कडेला आडवी दांडी होती, अपोलो ११ मध्ये ती पूर्ण उघडली नाही म्हणून कापडाला चुण्या पडल्या. उन्हात चकाकणाऱ्या जमिनीसाठी कॅमेरा लावला की मंद तारे उमटत नाहीत. ओबडधोबड जमिनीवर सावली सरळ पडत नाही.

मला पटणारे पुरावे वेगळे आहेत. पहिला, दगड. सहा मोहिमांनी मिळून ३८२ किलो माती-दगड आणले. रशियाच्या लुना १६, २० आणि २४ या माणूस नसलेल्या यानांनी मिळून जेमतेम तीनशे ग्रॅम आणले. पण हे दोन्ही नमुने एकाच जातीचे निघाले. पृथ्वीवरच्या दगडांत सर्रास सापडणारी, पाण्याच्या संगतीत तयार झालेली खनिजं त्यांत जवळजवळ नाहीत. पृष्ठभागावर सुईच्या टोकाहूनही बारीक खड्डे आहेत, आतून काच झालेले. सूक्ष्म उल्का सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने आदळल्याशिवाय असा खड्डा पडत नाही, आणि हवा असलेल्या ग्रहावर ती धूळ जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. हे नमुने जगभरच्या प्रयोगशाळांना वाटले गेले. आपल्याकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांच्या गटाने चंद्राच्या नमुन्यांवर काम केलं आहे. २०२० मध्ये चीनच्या चांगई ५ ने पावणेदोन किलोच्या आसपास माती आणली. वय निराळं, जागा निराळी, पण तीही चंद्राचीच माती. अमेरिकेने १९६९ मध्ये खोटे दगड बनवले असते तर अर्ध्या शतकानंतर चीनचा नमुना त्यांच्या शेजारी ठेवल्यावर सोंग उघडं पडलं असतं.

दुसरा, रशिया. अपोलो ११ चंद्रावर होतं त्याच वेळी रशियाचं लुना १५ चंद्राभोवती फिरत होतं. ते माती घेऊन आधी परतावं अशी धडपड होती, आणि २१ जुलै १९६९ ला ते आदळलं. इंग्लंडच्या जॉड्रेल बँक दुर्बिणीवर दोन्ही यानांचे संदेश ऐकले जात होते. ज्या देशाचा एवढा मोठा डाव हरला त्याला अमेरिकेची लबाडी जगासमोर आणण्यात किती फायदा होता! त्यांनी तसा आरोप केला नाही.

तिसरा, आरसे. अपोलो ११, १४ आणि १५ यांनी चंद्रावर लेसर परत पाठवणारे परावर्तक ठेवले. १५ वर तीनशे काचेचे त्रिकोणी तुकडे आहेत. पृथ्वीवरून लेसर सोडायचा, अडीच सेकंदांनी त्याचे मोजके कण परत येतात, आणि अंतर काढता येतं. चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटरने लांब जातो आहे हे त्यातूनच नेमकं कळलं. तुम्ही म्हणाल, आरसे यंत्रानेही ठेवता येतात. येतात, रशियाच्या लुनोखोद गाड्यांवरही होते. पण दगड आणि रशियाचं मौन यांच्यासोबत धरले की माणूस गेला नव्हता असं म्हणायला जागा उरत नाही.

केशरकाठ

पहिल्या प्रकारच्या शंकांवर मी वेळ घालवणार नाही. १९९९ मध्ये गॅलप या जनमत चाचणी घेणाऱ्या संस्थेने अमेरिकेत विचारलं तेव्हाही चांद्रविजय बनाव आहे म्हणणारे सहा टक्केच निघाले होते. मला बोलायचंय ते दुसऱ्या शंकेबद्दल, कारण ती माझी स्वतःची आहे.

अपोलो ११ च्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी राल्फ अॅबरनॅथी हे मार्टिन लूथर किंग यांचे सहकारी गरीब कुटुंबांना आणि खेचरांच्या गाड्यांना घेऊन केप केनेडीला, उड्डाणाच्या जागी, गेले होते. पोटाला अन्न नसलेल्या लोकांच्या देशात चंद्रावर इतका खर्च का, हा त्यांचा सवाल होता. नासाचे प्रमुख थॉमस पेन स्वतः भेटायला बाहेर आले. बटण न दाबल्याने गरिबी मिटणार असेल तर आम्ही ते दाबणार नाही, अशा अर्थाचं ते बोलले. त्या कुटुंबांपैकी काहींना उड्डाण बघायला आत बोलावलं. अॅबरनॅथींनी अंतराळवीर सुखरूप परतावेत म्हणून प्रार्थनाही केली.

मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो, कारण दोन्ही बाजूंनी एकमेकांचा मान राखला. पण प्रश्न सुटला का? नाही. बटण दाबलं गेलं आणि गरिबी राहिली. "स्फूर्ती मिळते" हे उत्तर उपाशी माणसाला देताना मला लाज वाटते.

पाणलोट

केशरकाठ, तुमच्या प्रश्नाला स्फूर्तीचं उत्तर मी देणार नाही, हिशेबाचं देतो. हवामान हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे.

१९९९ च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळात जवळपास दहा हजार माणसं गेली. २०१९ च्या मे महिन्यात फनी हे चक्रीवादळ त्याच किनाऱ्यावर आलं तेव्हा बारा लाखांच्या आसपास लोकांना आधीच हलवलं होतं आणि ओडिशातल्या मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. श्रेय एकट्या उपग्रहाचं नाही. निवारे बांधले गेले, गावोगावी इशारा पोहोचवणारी माणसं तयार झाली, सरकारी यंत्रणा शिकली. पण समुद्रात कुठे काय घडतंय हे अर्ध्या-अर्ध्या तासाने वरून दिसत नसेल तर कुठल्या गावाला आणि कधी हलवायचं ते कुणी सांगायचं? विनाकारण दोनदा हलवलं की तिसऱ्यांदा लोक हलत नाहीत. मार्ग नेमका सांगता येणं हाच सगळा खेळ आहे.

आणखी एक. विक्रम साराभाईंना अगदी सुरुवातीला हाच सवाल विचारला जात होता. त्यांची भूमिका स्पष्ट होती: चंद्रावर किंवा ग्रहांवर जाण्यात श्रीमंत देशांशी स्पर्धा करायची स्वप्नं आम्ही बघत नाही, पण माणसाच्या आणि समाजाच्या खऱ्या अडचणींवर प्रगत तंत्र वापरण्यात मागे राहून चालणार नाही. १९७५-७६ मध्ये एक वर्ष अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत थेट दूरचित्रवाणी पोहोचवली गेली. शेती, आरोग्य, शाळा असे कार्यक्रम. थुंबाच्या चर्चच्या आवारातून १९६३ मध्ये पहिलं छोटं रॉकेट सुटलं त्याला तेव्हा बाराच वर्षं झाली होती.

खर्चाचंच बोलायचं तर चांद्रयान-३ चा खर्च सुमारे ६१५ कोटी. अंतराळ विभागाची वर्षाची तरतूद तेरा हजार कोटींच्या आसपास, म्हणजे केंद्राच्या एकूण खर्चाच्या अर्धा टक्काही नाही. हा पैसा काढून घेतला तर उपाशी माणसाच्या ताटात तो पडेल अशी व्यवस्था आपल्याकडे आहे का, हे आधी बघायला हवं.

केशरकाठ

उपग्रहांचं पूर्ण मान्य. माझा आक्षेप उपग्रहांवर नव्हताच. आक्षेप आहे माणसं वर पाठवण्यावर आणि केवळ शोधासाठी जाणाऱ्या यानांवर. फनीचा मार्ग मंगळयानाने सांगितला नाही.

गणिताची_बाई

या नेमक्या जागी मला बोलायचं आहे, कारण शोधासाठीच गेलेल्या एका यानाने माझ्या वर्गात जे केलं ते कुठल्याही उपयोगी उपग्रहाने केलेलं नाही.

नासाचं व्हॉयेजर १ हे यान सप्टेंबर १९७७ मध्ये निघालं. त्यावरच्या सोनेरी तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे आणि पंचावन्न भाषांतल्या शुभेच्छांमध्ये मराठीही आहे. हे बहुतेकांना ठाऊक असतं. मी मुलांना सांगते ती गोष्ट नंतरची. नोव्हेंबर २०२३ मध्ये हे यान अर्थहीन आकडे पाठवायला लागलं. यान दोन हजार चारशे कोटी किलोमीटरवर. एक आज्ञा पाठवली की ती पोहोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला तितकेच. म्हणजे "काय झालं?" एवढं विचारून उत्तर ऐकायला जवळजवळ दोन दिवस. ते यान बांधणाऱ्यांपैकी बरेच जण हयात नाहीत. जुनी कागदपत्रं उकरून काढली गेली. मार्चमध्ये यानाकडून आलेल्या एका गोंधळलेल्या संदेशात त्याच्या स्मृतीची अख्खी नक्कल दडलेली आहे हे एका अभियंत्याच्या लक्षात आलं. ती आधीच्या नकलेशी ताडून बघितली तेव्हा कळलं की स्मृतीतली एक चिप मेली आहे. तिच्यातला प्रोग्राम दुसरीकडे हलवायचा, पण तो एकसंध मावेल एवढी मोकळी जागा कुठेच नव्हती. मग त्याचे तुकडे केले, वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवले आणि ते एकमेकांना हाक मारून चालतील अशी जुळणी केली. १८ एप्रिल २०२४ ला पहिला तुकडा पाठवला. २० एप्रिलला यान पुन्हा समजेल असं बोलायला लागलं.

हे ऐकून झाल्यावर एक मुलगी, जी गणिताच्या तासाला कधी तोंड उघडत नाही, विचारती झाली, "बाई, पण त्यांनी तो एक चुकीचा आकडा शोधला कसा?" मग आम्ही फळ्यावर आकड्यांचे दोन तक्ते मांडून वेगळेपण शोधत बसलो. पुढचा धडा राहिला. केशरकाठ, याची किंमत रुपयांत मला मांडता येणार नाही, पण ती शून्य नाही हे मी शपथेवर सांगेन.

तळटीप

एक कटू गोष्ट आपल्या बाजूचीही. चांद्रयान-३ नंतर चंद्राच्या मातीवर प्रज्ञान या गाडीच्या चाकाने उठवलेली राजमुद्रा आणि इस्रोचं चिन्ह अगदी ठसठशीत दाखवणारं चित्र फिरलं. ते खोटं होतं, संगणकावर बनवलेलं. अभिमानाने ते पुढे पाठवणारे शंकेखोर नव्हते, तुमच्या-माझ्यासारखे उत्साही होते. असं एक खोटं चित्र उघडं पडलं की खऱ्या दहा चित्रांवरचा विश्वास जातो.

२०१९ मध्ये चांद्रयान-२ चं आदळलेलं विक्रम सापडल्याचं आठवड्याभरात जाहीर झालं, पण लोकांना बघायला मिळालं ते डिसेंबरमध्ये, आणि तेही नासाच्या एलआरओ या चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने काढलेलं. मोडक्या अवशेषाचा पहिला ठिपका ओळखला चेन्नईतल्या एका तरुण अभियंत्याने, घरी बसून, आदळण्याआधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी ठेवून. नासाने त्याला श्रेय दिलं. अपयशाचं चित्र आपल्याकडूनच आधी बाहेर आलं असतं तर मला जास्त अभिमान वाटला असता.

नासाचं चॅलेंजर हे माणसं नेणारं यान १९८६ मध्ये फुटलं तेव्हा चौकशी उघड्यावर झाली. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर रॉकेटच्या सांध्यातल्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि थंडीत त्याची लवचिकता जाते हे दाखवून दिलं. नासाची अब्रू गेली खरी. पण त्या संस्थेच्या शब्दावर नंतर विश्वास टिकला तो अशा चौकशीमुळेच.

मृगशीर्ष

तळटीप, शंभर टक्के. चाकाच्या ठशांचं चित्र मलाही तीन-चार ओळखीच्यांकडून आलं होतं आणि खोटं आहे म्हटल्यावर त्यांना राग आला, जणू मी मोहिमेवरच शंका घेते आहे. प्रत्यक्षात त्या भागातली माती निराळी निघाल्याने ठसे तसे ठळक उमटले नाहीत, आणि मातीच्या स्वभावाची ही माहिती त्या चिन्हापेक्षा कितीतरी मोलाची आहे.

केशरकाठ, माणूस पाठवण्याबद्दल तुमच्याशी मी अर्धी सहमत आहे. प्रज्ञान आणि व्हॉयेजर यांनी जे केलं त्याला माणूस लागला नाही. पण अपोलो १७ वर हॅरिसन श्मिट हा भूशास्त्रज्ञ होता. करड्या जमिनीत त्याला नारिंगी माती दिसली आणि तो तिथेच थांबला. ती ज्वालामुखीच्या काचेचे बारीक मणी निघाली, साडेतीन अब्ज वर्षांहून जुनी. थांबायचं कुठे, हे तेव्हाच्या कुठल्या यंत्राला कळलं असतं?

केशरकाठ

श्मिटचा दाखला चांगला आहे, पण तो १९७२ चा आहे. आजच्या यंत्राला ती माती दिसेल. २०२४ मध्ये चांगई ६ ने चंद्राच्या पलीकडच्या बाजूची जवळजवळ दोन किलो माती आणली, एकही जीव धोक्यात न घालता. कोलंबिया या दुसऱ्या यानातले सात आणि चॅलेंजरमधले सात जण मला विसरता येत नाहीत. शोधक यानांवरचा माझा आक्षेप गणिताच्या बाईंचं वाचून मागे घेते. माणसांबद्दलचा ठेवते.

साधा_प्रश्न

उत्तररात्र, दगडांचं आणि लुना १५ चं मला ठाऊक नव्हतं. पटलं. एकच राहिलं. अपोलोच्या जागांचे फोटो एलआरओने काढले म्हणतात, पण एलआरओ नासाचंच. दुसऱ्या कुणी काढलेत का?

उत्तररात्र

काढलेत, आणि आपणच काढलेत. चांद्रयान-२ चं विक्रम आदळलं, पण ऑर्बिटर चालूच राहिलं. त्यावरचा कॅमेरा जमिनीवरची सुमारे पाव मीटरची वस्तू वेगळी दाखवू शकतो. त्याने २०२१ मध्ये अपोलो ११ ची जागा टिपली आहे, यानाचा मागे राहिलेला खालचा भाग त्यात दिसतो. चांद्रयानाची माहिती इस्रोच्या प्रदान या संकेतस्थळावर नोंदणी करून कुणालाही उतरवून घेता येते.

एलआरओची चित्रंही टाकून देऊ नका, त्यांच्यात एक सोय आहे. एकाच जागेची वेगवेगळ्या वेळची चित्रं मिळतात, म्हणजे सूर्य वेगवेगळ्या बाजूंना असतानाची. अपोलो १७ ची जागा घ्या. सकाळचं आणि संध्याकाळचं चित्र शेजारी लावा. झेंड्याची सावली एका बाजूची दुसऱ्या बाजूला गेलेली दिसेल, म्हणजे काठी उभी आहे. १२ आणि १६ च्या जागीही तसंच आहे. ११ च्या जागी सावली मिळणार नाही, कारण वर निघताना इंजिनाच्या झोताने झेंडा आडवा झाल्याचं आल्ड्रिन यांनी सांगून ठेवलंय.